बुजवायचं की राखायचं? शेतातली बिळं ओळखायची रीत

मेरेला, म्हणजे भाताच्या बांधाला, भोक दिसलं की आपला हात आधी दगडाकडे जातो. दगड कोंबायचा, वरून पायाने माती दाबायची आणि पुढच्या कामाला लागायचं. पंधरा दिवसांनी त्याच दगडाच्या कडेने पाणी धावत असतं, वरचा दळा (भाताचं खाचर) कोरडा पडलेला असतो आणि शिव्या खातो तो खेकडा.

आमची शेती संगमेश्वर तालुक्यात. सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराच्या, कडेला हापूसची कलमं, त्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे भाताचे दळे आणि तळाला पऱ्या, म्हणजे ओढा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. अशा उतारावर जमिनीला पडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते. म्हणून भोक दिसलं की मी तीन गोष्टी बघतो: कुणी खणलंय, वर कुठली माती आलीय आणि यातून शिरलेलं पाणी कुठे बाहेर पडणार. त्याशिवाय फावडं उचलायचं नाही. कारण तेच बीळ मेरेत असेल तर दळा रिकामा करतं, आणि कलमाच्या आळ्यापासून चार हात लांब असेल तर आपण पैसे देऊन करून घेतली असती ती मशागत फुकट करून देतं. बिळाचा मालक कोण, याच्याइतकंच बीळ कुठे आहे हे महत्त्वाचं. माझ्या मते जास्तच.

आधी राख, मग अंदाज

संध्याकाळी चुलीतली राख चाळून घ्या. (चहाची गाळणी चालते, पण मग ती गाळणी कायमची शेतावरच ठेवा, नाहीतर घरात ऐकून घ्यावं लागतं.) बिळाच्या तोंडासमोर हातभर जागेत तिचा पातळ थर पसरा आणि तोंडावर गवताच्या दोन काड्या आडव्या टेकवा. पाऊस नसलेली रात्र निवडा. सकाळी उन्हं वर यायच्या आत बघायला जा, कारण तिरप्या उजेडात ठसे उठून दिसतात.

खेकडा गेला असेल तर राखेत दोन्ही बाजूंना टोचल्यासारख्या टिंबांच्या रांगा असतात. उंदीर किंवा घूस असेल तर बोटं वेगवेगळी दिसणारी पावलं आणि बहुतेक वेळा मधून शेपटीची रेघ. साप एकच सलग पट्टा ठेवून जातो. घोरपड दिवसा फिरते, म्हणून तिचा संशय असेल तर राख दुपारपर्यंत मोडू नका. नख्यांचे खोल ठसे आणि त्यांच्या मधून नागमोडी गेलेला शेपटीचा माग दिसला की ती घोरपड. काड्या जागेवर, राख कोरी आणि तोंडावर कोळ्याचं जुनं जाळं असेल तर त्या तोंडाने एवढ्यात कुणी ये-जा केलेली नाही. तरीही हात घालायचा नाही. आमच्याकडे नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही आहेत आणि यातला एकही बीळ खणण्याची तसदी घेत नाही. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण ज्याने केली तो शेतकरीच असणार. काठी घाला, हात नको.

राखेनंतर तोंडाशी पडलेली माती बघा. खेकडा ओली माती वर आणतो, बोराएवढ्या गोळ्या करून. त्या ताज्या असतील तर बोटाने दाबल्यावर चपट्या होतात. एका बाजूने मऊ, दुसऱ्या बाजूला नांगीचा दाब उमटलेला. कधीकधी या गोळ्या तोंडाभोवती रचल्या जाऊन बोटभर उंचीचा कठडा होतो. बिळाचं तोंड गोल नसतं, आडवं पसरट असतं, कारण राहणारा आडवा चालतो. आतली भिंत गुळगुळीत आणि ओलसर. हे बीळ पाणी शोधत खाली जातं. उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरली की खेकडाही तिच्यामागे आणखी खाली खणतो, तोंड मातीने लिंपून घेतो आणि पहिल्या पावसापर्यंत आत बसून राहतो. मे महिन्यात मेर एकसंध दिसते आणि मृगाच्या दुसऱ्या दिवशी तिची चाळण होते, त्याचं कारण हे. बिळं नवीन नसतात, झाकणं उघडलेली असतात.

उंदराची आणि घुशीची माती वेगळी. ती भुसभुशीत, कोरडी आणि एका बाजूला ढिगाने लोटलेली असते. शेतातली छोटी घूस आपलं तोंड सैल मातीनेच बंद करते, त्यामुळे भोक न दिसता नुसते ढीगच दिसतात. जवळ भाताची ताटं तिरप्या कापाने तुटून पडलेली असतात. खेकडाही कोवळा तरवा (भाताची रोपं) कापतो, पण तो लावणीनंतरच्या पहिल्या दिवसांत आणि पाण्याच्या पातळीशी. पोटरीला आलेलं पीक तिरपं कापलेलं दिसलं तर खेकड्याला दोष देऊ नका. घुशीचं बीळ म्हणजे एक भोक नव्हे. आत फाटे असतात, राहायची जागा वेगळी, लोंब्या साठवायची वेगळी, पळून जायची वाट वेगळी. आमच्याकडे कापणीनंतर येणारे एक कातकरी मामा मेरेवरून नुसतं चालत जाऊन, टाच आपटून, आवाजावरून कोठार कुठे असेल ते सांगतात आणि नेमकं तिथेच खणून लोंब्या बाहेर काढतात. मला तो आवाज अजून ओळखता येत नाही. त्यांना खणू द्या. धान्य त्यांचं, उंदीर त्यांचा, आणि मेर कुठून कुठे पोकळ आहे याचा नकाशा तुमच्यासमोर उघडा. फक्त चर तसाच ठेवून जायचं नाही, हे आधी बोलून घ्या.

मुंग्यांच्या तोंडाभोवती गवताच्या बियांचा कोंडा असेल तर त्या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या. मोठ्या काळ्या विंचवाचं तोंड चंद्रकोरीच्या आकाराचं, पालथं. फूटभर रुंद भोक, तोंडाशी काटे आणि कुरतडलेली हाडं असतील तर साळिंदर. हाडं ते चुन्यासाठी कुरतडतं. पऱ्याच्या उभ्या काठात वरच्या बाजूला सरळ आत गेलेली गोल भोकं दिसली तर ती खंड्याची किंवा वेड्या राघूची. फेब्रुवारी ते मे त्यांत अंडी-पिल्लं असतात, त्या दिवसांत काठ तासायचं काम काढू नका.

जिवंत बिळं मोजायची कशी

मेरेवर भोकं खूप दिसतात, पण सगळ्यांत बिऱ्हाड नसतं. संध्याकाळी दिसतील तेवढी सगळी तोंडं ओल्या मातीने हलकेच लिंपा, ठोकून नाही. प्रत्येकाशेजारी निरगुडीची एक काडी रोवा. दुसऱ्या सकाळी जी उघडलेली असतील तीच जिवंत. हीच रीत कृषी खात्याचे लोकही उंदरांसाठी सांगतात आणि खेकड्यालाही ती लागू पडते. उघडलेल्या तोंडाशेजारच्या काडीला लाल चिंधी बांधा. काम कुठे करायचं ते ठरलं.

हे काम करायचा सगळ्यात चांगला काळ कापणीनंतरचा, कार्तिकातला. मेर अजून ओली असते, गवत बसलेलं असतं, बिळं उघडी असतात. खुणा तेव्हा करायच्या. मेर मात्र तेव्हा उकरायची नाही. उकरायची ती मेमध्ये वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्यावर, माती न फुटता दाबली जाते तेव्हा.

मेर दुरुस्त करताना

बिळात चुन्याचं पातळ पाणी ओता, ताकाएवढं पातळ. एक माणूस खालच्या दळ्यात उभा राहील आणि पांढरं पाणी कुठे झिरपतं ते बघेल. दोन बादल्या ओतूनही खाली काही दिसलं नाही तर बीळ मेरेतल्या मेरेत आहे, जीव टांगणीला लावू नका. पांढरी धार आली तर ते बीळ आरपार गेलेलं, आणि तेच आधी घ्यायचं. आता पांढऱ्या रेघेच्या मागे मागे कुदळीने उघडत जायचं, थेट शेवटापर्यंत. अर्ध्यावर थांबून माती ढकलली तर उरलेली पोकळी आत तशीच राहते आणि वरच्या नव्या मातीला खाली ओढते. दगड, फांद्या, भाताचा पेंढा यांतलं काहीही आत भरू नका. दगडाच्या कडेने पाण्याला वाट मिळते, आणि पेंढा कुजला की नवीन बीळ तयारच.

भरायची माती अशी हवी की तिचा मुठीत गोळा होईल आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-चार तुकडे होतील. चुरा झाला तर माती कोरडी आहे, थापोटी बसली तर फार ओली. चार बोटांचा थर टाकायचा, धुमसाने ठोकायचा, मग पुढचा थर. जुन्या मातीच्या कडा गुळगुळीत ठेवू नका. कुदळीने खरवडून खडबडीत करा, म्हणजे नवी माती जुनीत धरते. मधल्या गाभ्यासाठी ओस पडलेल्या वारुळाची माती मिळाली तर सोनं. वाळवीने ती दाणा दाणा निवडून, लाळेने चिकटवून आणलेली असते, तिच्यात चिकणमातीचा अंश भरपूर असतो. आमच्या आजीच्या वेळी खळं करायला हीच माती आणायचे. वारूळ जिवंत नाही याची खात्री मात्र आधी करा: कोपरा खरवडून ठेवा, दुसऱ्या दिवशी ओल्या मातीने डागडुजी झालेली असेल तर आत बिऱ्हाड आहे.

मेर किती रुंद ठेवायची यावर आमच्या वाडीत कायम वाद असतो. उंदराला घर करायला जाडजूड, उंच, कोरडी मेर लागते. दोन दळ्यांमधली फरकाची उंची कमी असेल तिथे फूटभराच्या आतली बुटकी मेर ठेवली तर त्याला बिळासाठी जागाच उरत नाही. पण आमच्यासारख्या उतारावर, जिथे दोन दळ्यांत पुरुषभर फरक आहे, तिथे ही चैन परवडत नाही. तिथे जांभ्याचा गडगा (रचलेली दगडी भिंत) आणि त्याच्यामागे ठोकलेली माती, दुसरा इलाज नाही. गडग्याच्या वरच्या अंगाला वाळ्याच्या गवताची ओळ लावा. मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. तूर मेरेवर लावायची रीत जुनी आहे, मलाही आवडते, पण घुशीचा त्रास असलेल्या मेरेवर दोन वर्षं लावू नका.

औषधाचं एकदाच सांगतो. खेकडे मारायला बिळात फोरेटचे दाणे टाकायची पद्धत कोकणात सर्रास होती. फोरेट देशात ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद झालं आहे. तरी कुणाच्या माळ्यावर जुना पुडा असतोच. बिळातलं पाणी शेवटी पऱ्यात जातं. ज्या पऱ्यात चढणीचे मासे पकडायला आपण जातो, त्याच पऱ्यात. खेकडे कमी करायचे असतील तर पहिल्या पावसाच्या रात्री बत्ती घेऊन जा आणि पकडा, कालवण करा. पोटाखालच्या झडपेत पिल्लं असलेली मादी मात्र परत सोडा. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं समुद्री खेकड्यासारखी पाण्यावर तरंगत वाढत नाहीत, आईच्या पोटाखालीच पूर्ण खेकडा होऊन बाहेर पडतात.

गमबूट घाला. उंदराच्या मुतातून चिखलात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो आणि पायाला चीर असली की अंगात शिरतो. चिखलणी-लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नका, आरोग्य केंद्रात जा. सापाचंही तेच. विंचवाचंही तेच: विंचूदंशावर प्राझोसिन वापरून माणसं वाचतात हे दाखवून दिलं ते आपल्या शेजारच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी, आणि ती गोळी मांत्रिकाकडे मिळत नाही.

भर पावसात पाणी फुटलं तर

आर्द्रा-पुनर्वसूत मेरेच्या खालच्या अंगाने पाणी यायला लागलं की आधी ते काचेच्या बाटलीत धरा आणि उजेडासमोर बघा. निवळ असेल तर नुसती गळती आहे. दोनदा येऊन बघा, पावसाने उसंत दिली की करा. गढूळ असेल तर धावपळ करा, कारण ते पाणी आतून माती घेऊन येतंय. बीळ अशाने खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे रुंदावत जातं. बाहेरून बघणाऱ्याला तासभर काहीच होत नाहीसं वाटतं, आणि मग छप्पर बसतं, मेर फुटते.

अशा वेळी सगळे खालचं तोंड बंद करायला धावतात. ते करू नका. आत पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि शेजारून नवी वाट फुटते. आधी वरच्या दळ्यातलं पाणी मोरीने उतरवा. मग वरच्या अंगाला, जिथे पाणी आत खेचलं जातंय तिथे बंद करा. ती जागा सापडत नसेल तर पाण्यावर भाताचा कोंडा टाका. तो जिथे गोल फिरून गोळा होतो ती जागा. चिकणमातीचा मोठा गोळा गोणपाटात गुंडाळून तिथे दाबा. खालच्या तोंडावर आधी जाडी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड असा ढीग करा. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. वाळू मिळाली नाही तर दगडखाणीची कच. पाणी निवळ यायला लागलं की तुम्ही जिंकलात. कायमची दुरुस्ती पुढच्या मेमध्ये.

इथे तिवऱ्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. तेव्हाच्या मंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. मग जिवंत खेकडे पोलीस ठाण्यात नेऊन आरोपी म्हणून हजर करण्याची आंदोलनं झाली. हसू आलं तरी मला त्यातला तांत्रिक भाग महत्त्वाचा वाटतो. खेकड्याचं बीळ तीन-चार फुटी मेरेच्या आरपार जातं, हे मी रोज बघतो. धरणाच्या मातीच्या भरावाचा पाया त्याच्या कितीतरी पट रुंद असतो. गळती होतेय हे गावकरी आधीपासून सांगत होते. भोकाची सुरुवात कुणीही केली असो, गळती दिसल्यापासून भिंत फुटेपर्यंत जो वेळ असतो तो माणसांच्या हातातला असतो. आपल्या मेरेच्या बाबतीत तो बाटलीभर पाणी बघण्याचा वेळ आहे.

खाडीकाठच्या खारभूमीत हेच गणित जास्त कडक होतं, कारण तिथे बांधाच्या पलीकडे खारं पाणी असतं. एका भरतीत शिरलेलं खारं पाणी धुवून निघायला पावसाळा जातो. ज्यांची शेती खारीत आहे त्यांनी बाटलीची तपासणी उधाणाच्या भरतीला करावी, रोजच्या भरतीला नव्हे.

जिथे हात लावायचा नाही

आता मेर सोडून वर कलमांत या. इथे माझा नियम उलटा: खोडापासून लांब असलेलं कुठलंही बीळ, जोवर त्याने मूळ उघडं पाडलेलं नाही, तोवर तसंच राहू द्यायचं. सड्याकडच्या जमिनीत माती वीतभर आणि खाली जांभा. तिथे पाणी मुरलं तर कलम उन्हाळ्यात तग धरतं, नाहीतर सगळं पऱ्याला मिळतं. बिळं, वाळवीच्या वाटा, गांडुळांच्या नळ्या या त्या पाण्याच्या मोऱ्या आहेत.

पटत नसेल तर मोजून बघा. सहा इंच व्यासाच्या पीव्हीसी नळाचा फूटभर तुकडा घ्या, एक कड कानशीने धारदार करा, वर फळी ठेवून चार बोटं जमिनीत ठोका. आत पालापाचोळा टाकून त्यावर हळूच एक लिटर पाणी ओता. साधारण साडेपाच सेंटिमीटर उंची भरते. ते मुरलं की लगेच दुसरा लिटर ओता आणि हा दुसरा लिटर मुरायला किती वेळ लागतो तो घड्याळावर बघा. पहिल्याचा वेळ धरायचा नाही, कोरडी जमीन सगळंच पिते. माझ्याकडे जुन्या कलमांखाली, जिथे पाला कधी पेटवला नाही आणि गांडुळांच्या विष्ठेचे ढीग दिसतात तिथे, चहा पिऊन होईतो पाणी गेलेलं असतं. त्याच मळ्यातल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर तेवढंच पाणी जेवण करून आलो तरी तसंच. माती एकच, पाऊस एकच. फरक खणणाऱ्यांचा.

गांडुळांचं काम वजनात मोजता येतं. पावसाची उघडीप असताना, श्रावणात, एक मीटर बाय एक मीटर चौकट आखा. आतले सगळे विष्ठेचे ढीग खुरप्याने उचलून जागा साफ करा. आठवड्याने नव्याने आलेले ढीग गोळा करा, उन्हात वाळवा, वजन करा. चौरस मीटरमागे एक किलो म्हणजे त्या आठवड्यात गुंठ्याला सुमारे शंभर किलो माती खालून वर आली. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये इंग्लंडमधल्या कित्येक भागांसाठी काढलेला अंदाज वर्षाला एकरी दहा टनांच्या वर होता, म्हणजे गुंठ्याला अडीचशे किलो. त्यानेच हेही दाखवलं की कुरणावर पडलेले दगड वर्षानुवर्षं हळूहळू खाली जातात, कारण गांडुळं त्यांच्याखालची माती काढून वर आणून टाकतात. इथला पाऊस वेगळा, गांडुळं वेगळी, तुमचा आकडा तुमचाच येईल. कमी आला तर पाला पेटवणं बंद करा आणि दोन वर्षांनी परत मोजा. खत विकत आणण्याआधी हे करून बघावं असं माझं मत आहे.

खणताना बोटभर जाडीचं, काळपट, वळ्यावळ्यांचं आणि डोळे नसल्यासारखं काही सापडलं आणि ते गांडुळाहून दणकट, ओलंचिंब चकाकणारं असेल तर ते देवगांडूळ. बेडकाच्या कुळातलं, बिनपायांचं. शेपटी तिरकी कापल्यासारखी बोथट असेल तर खापरखवल्या, बिनविषारी साप. दोघंही मागे भोक न सोडता जमिनीत घुसत जातात, म्हणून त्यांचं बीळ कधी दिसत नाही. दोघांनाही सापाचं पिल्लू म्हणून कुदळीखाली घेतात. उचलून सावलीतल्या ओल्या मातीत सोडा, लगेच आत जातात.

जिवंत वारूळ कलमांमध्ये असलं तर मी मोडत नाही. वाळवी बहुतेक करून मेलेली साल आणि वाळकी काटकी खाते. खोडावर चढलेला मातीचा पापुद्रा खराट्याने झाडून टाका, साल ओरबाडू नका. नवीन कलम मात्र पहिली दोन वर्षं जपायला हवं, उन्हाळ्यात पाणी तुटलं की ती कोवळ्या मुळांनाही लागते. वारुळाच्या आत वाळवी एक बुरशी पिकवते, आणि पावसात वारुळावर जी अळंबी उगवते ती त्याच बुरशीची. वारूळ मोडलं की भाजी गेली. वारुळाशेजारी पाणी असतं असंही म्हणतात. वराहमिहिराने सहाव्या शतकात वारुळांवरून भूजल ओळखायच्या खुणा सांगितल्या आहेत. वाळवीला ओल लागते हे खरं, पण तेवढ्यावर बोअरची गाडी बोलावू नका. वारुळाची माती भोवतालच्या तांबड्या मातीपेक्षा पिवळट-पांढरट दिसली तर जांभ्याखालची चिकणमाती ती वर आणतेय इतकं नक्की समजतं, आणि विहीर खणणाऱ्याला तेही उपयोगाचं आहे.

साळिंदराने सुरणाची वाट लावली तर राग येतोच. पण त्याच्या बिळात धुरी करणं, फासे लावणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. सुरणाच्या वाफ्याभोवती जमिनीत वीतभर गाडलेली जाळी लावा, साळिंदर उकरून आत येतं, उडी मारत नाही. घोरपड आणि खवले मांजर तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. खवले मांजर वारूळ फोडून मुंग्या-वाळवी खातं. वारुळाच्या बुडाशी नख्यांनी ओरबाडलेला तिरका बोगदा आणि समोर ताज्या मातीचा पसारा दिसला तर त्याची शंका घ्या. ते आत झोपलेलं असलं की मागून वाट मातीने बंद करतं, त्यामुळे भोक बुजल्यासारखं दिसतं. ते बुजलेलं नसतं. तिथे राख टाकू नका, चुन्याचं पाणी ओतू नका, कुत्र्याला तिकडे नेऊ नका. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था खवले मांजरांवर काम करते, त्यांना किंवा वनखात्याला कळवा. वाडीतल्या ग्रुपवर टाकू नका. खवल्यांचा चोरटा बाजार आहे आणि बातमी पोचायला वेळ लागत नाही. फोटो काढलाच तर आधी मोबाइलमधलं लोकेशन बंद करून काढा.